संघ परदेशी जावा, पण बेण्याची मोळी घेऊन

सभासद बंधू-भगिनींनो,

आपल्या कार्यक्षेत्रातील कबड्डी, खो-खो व कुस्तीच्या मंडळांची पोरं आता जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर खेळू लागली आहेत. साहजिकच पुढचा प्रश्न गटसभांतून निघू लागला आहे. उद्या आपल्यातल्या एखाद्या संघाला परदेशी स्पर्धेला जायची संधी आली, आणि स्पर्धेबरोबर तिथे काही दिवस सेवाकार्य करण्याचेही ठरले, तर कारखान्याने व सभासदांनी त्याला हातभार लावावा का?

यावर दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, पोरं आपली आहेत, गावाचे नाव होईल, द्या मदत. दुसरे मत असे की, खतांचे भाव, मजुरी आणि विजेचे बिल यांत शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीला आला असताना विमानाची तिकिटे कसली काढता? आणि सेवाच करायची तर गावात काय कमी काम पडले आहे?

दोन्ही मतांत तथ्य आहे. माझे काम ऊस विकासाचे, खेळाचे नव्हे. तरीही या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटतात, कारण हा प्रश्न मुळात बेण्याचा आहे असे मला वाटते. कसे ते सांगतो.

आपला खेळ बाहेर गेला कसा?

कबड्डीचेच उदाहरण घेऊ. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक भरले. त्या निमित्ताने अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक जर्मनीला गेले आणि त्यांनी हुतूतू व इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके तिथे करून दाखवली. हे मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेले. त्या वेळच्या जर्मन सरकारची नियत काय होती हे पुढे साऱ्या जगाने पाहिले. पण अमरावतीची मंडळी काही त्या सरकारची पाठराखण करायला गेली नव्हती. आमच्या मातीत असेही खेळ आहेत, त्याला ना महागडे साहित्य लागते ना मोठे मैदान, एवढे दाखवायला ती गेली होती. त्या खेळाला तिथे पदक नव्हते. म्हणजे जिंकून आणण्यासारखे काहीच नव्हते, फक्त देऊन येण्यासारखे होते.

त्यानंतर १९७४ साली भारताचा पुरुष कबड्डी संघ बांगलादेशाच्या दौऱ्यावर गेला व तिथे पाच सामने खेळला. बांगलादेश स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. १९७९ साली बांगलादेशाचा संघ परतीच्या दौऱ्यावर आपल्याकडे आला. त्याच १९७९ साली प्रा. सुंदर राम हे जपानला गेले आणि दोन महिने तिथे फिरून त्यांनी कबड्डीची ओळख करून दिली. दोन महिने, हे ध्यानात ठेवा. दोन दिवसांचा सत्कार-समारंभ नव्हे.

याचे फळ काय मिळाले? १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून आली आणि १९९० साली बीजिंगला पदकाचा खेळ झाली. तिथपासून २०१४ पर्यंत सलग सात वेळा पुरुषांचे सुवर्णपदक भारताने आणले. आता कोणी म्हणेल की सात सुवर्णपदके ही तर खेळाडूंची कमाई. ती आहेच. पण इतर देशांत हा खेळ रुजलाच नसता, तर ती पदके द्यायला स्पर्धा कुठून आली असती? समोर उतरायला दुसरा संघ पाहिजे ना! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ आले. दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे. आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण मंडळी, जगज्जेतेपद मिळवायचे तर आधी जग लागते. ते जग कोणीतरी बाहेर जाऊन, खेळ शिकवून तयार करावे लागते.

दिल्याने आपले कमी होते का?

इथे एक शंका हमखास निघते. सगळे शिकवून टाकले आणि उद्या त्यांनीच आपल्याला हरवले तर?

हरवतात. तसे झालेही आहे. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाने गटातील सामन्यात आपल्या पुरुष संघाला २४-२३ असे एका गुणाने हरवले. उपांत्य सामन्यात इराणने २७-१८ असे हरवले. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने आपल्याला २७-२४ ने हरवून सुवर्णपदक नेले. आणि त्या इराणी मुलींची प्रशिक्षिका कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! त्या इराणात राहिल्या, कामापुरती फारसी शिकल्या आणि त्या मुलींना त्यांनी घडवले.

त्या वेळी काही लोकांना याचे वाईट वाटले. मला मात्र वाटते की कबड्डीच्या इतिहासात यापेक्षा मोठी सेवा शोधून सापडणार नाही. कारण पुढे काय झाले ते पाहा. आपला संघ खडबडून जागा झाला. पुढची आशियाई स्पर्धा २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झाली, तिथे पुरुष व महिला दोन्ही सुवर्णपदके भारताने परत आणली. पुरुषांनी अंतिम सामन्यात त्याच इराणला ३३-२९ ने हरवले आणि महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे एका गुणाने. समोरचा तगडा झाल्याशिवाय आपली रग वाढत नाही, हे तालमीत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

ऊसकऱ्यालाही नको. शेजाऱ्याला चांगले बेणे दिले म्हणून आपल्या रानातला उतारा घटला, असे कधी घडले आहे का? उलट आसपास रोगट बेणे असेल तर काणी आणि गवताळ वाढ आपल्या फडात यायला वेळ लागत नाही. आपल्या उसाचीच एक हकिगत सांगतो. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात को ४२१ व को ३१२ या जातींचा संकर झाला. त्याचे बी दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात गेले, तिथे रोपे करून त्यातून निवड झाली आणि एन-को ३१० ही जात निघाली. नावातला ‘एन’ नाताळचा आणि ‘को’ कोइमतूरचा. विसाव्या शतकात ही जात दक्षिण आफ्रिकेपासून तैवानपर्यंत अनेक देशांत पसरली. आपण संकर केला, त्यांनी निवड केली, आणि दोघांचीही नावे त्या जातीवर कायमची राहिली. देण्याघेण्याचा व्यवहार असा असावा.

सेवा कशाला म्हणायचे?

हल्ली खेळाच्या दौऱ्याला ‘सेवाकार्य’ जोडण्याची पद्धत पडत चालली आहे. चार दिवस सामने, दोन दिवस सेवा. कल्पना चांगली आहे. पण सेवेच्या नावाखाली पाहुण्यांनी जाऊन शाळेची एक भिंत रंगवायची, मुलांना खाऊ वाटायचा, फोटो काढायचे आणि निघून यायचे, याला मी सेवा म्हणणार नाही. भिंत रंगवणारे गवंडी-रंगारी त्या गावातही असतात आणि त्यांना त्या रोजगाराची गरज असते. विमानाच्या एका तिकिटाच्या पैशात तिथल्या किती भिंती रंगवून होतील, याचा हिशेब शेतकऱ्याच्या पोराला तोंडी करता यावा.

सेवा म्हणजे आपल्याजवळ जे आहे आणि त्यांच्याजवळ नाही, ते त्यांच्या हाती देऊन येणे. कबड्डीच्या पोराजवळ काय आहे? दम आहे, पकड आहे, पायात चपळाई आहे आणि ती शिकवता येण्याइतका सराव आहे. त्याने ते द्यावे. त्याचबरोबर तिथून काय घ्यायचे तेही ठरवून जावे. खेळाडूची दुखापत कशी हाताळतात, मुलींसाठी मैदाने कशी राखतात, गावातले लोक पगार न घेता संघाची व्यवस्था कशी पाहतात, हे पाहून यावे.

आमच्या शेती खात्यात एक अनुभव नेहमीचा आहे. एखाद्या गावात प्रात्यक्षिक प्लॉट घ्यायचा, पट्टा पद्धत व ठिबक दाखवायचे, शिवारफेरी काढायची, आणि मग वर्षभर त्या गावाकडे फिरकायचे नाही. असे झाले की पुढच्या लागणीला शेतकरी पुन्हा जुन्या सरीवर येतो. चूक त्याची नसते. पहिली अडचण आली तेव्हा विचारायला कोणी जवळ नव्हते, एवढेच. खेळाचे तसेच आहे. एका भेटीने खेळ रुजत नाही. तिथल्या दोन-चार मास्तरांना तयार करून, नियम त्यांच्या भाषेत लिहून देऊन, पुन्हा पत्राने, फोनने चौकशी करत राहिले तरच रुजतो.

पैशाचा प्रश्न

आता मूळ अडचणीकडे येऊ. पैसा कुणाचा?

या बाबतीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे उदाहरण आपल्या भागात सर्वांना माहीत आहे, पण त्यातला हिशेबाचा भाग लोक विसरतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. तिथे ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाताना पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही आपल्या परीने वर्गणी दिली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही मिरवणूक सगळ्यांच्या ध्यानात राहिली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने घेतली आणि त्यातून आलेल्या पैशाने प्राचार्यांचे कर्ज फेडून त्यांचे घर सोडवले, हे माझ्या मते पदकाइतकेच मोठे आहे. ज्याने घेतले, त्याने घाम गाळून परत केले.

त्यांच्या हकिगतीत आणखी एक गोष्ट येते. जपानी मल्लाशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. मधली ठरलेली विश्रांती मिळाली नाही, आणि त्यासाठी भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. म्हणजे संघ हा नुसत्या खेळाडूंचा नसतो. नियम जाणणारा, कागदपत्रे सांभाळणारा, वेळेला उभा राहणारा असा एक बिनपदकाचा माणूसही लागतो. त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळायला देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. महाराष्ट्राला तर त्याहूनही अधिक. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक आणले तेव्हा ७२ वर्षे लोटली होती.

माझे मत

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की संघ परदेशी जावा आणि आपण त्याला हातभार लावावा. मात्र डोळे झाकून नव्हे. पुढील पाच गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात.

१) वर्गणी ऐच्छिक असावी. उसाच्या बिलातून सरसकट कपात करू नये. ज्या सभासदाला द्यायचे आहे त्याने लेखी संमती द्यावी, ज्याला द्यायचे नाही त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये. दौरा संपल्यावर पै-पैचा हिशेब याच पत्रिकेत छापावा.

२) संघाबरोबर एक शिकवणारा आणि एक राबणारा माणूस असावा. हौशे, नवशे, गवशे नकोत. पदाधिकारी असो की आमच्यासारखा कर्मचारी असो, ज्याला तिथे काम नाही त्याचे तिकीट निघू नये.

३) परदेशी सेवा करण्याआधी घरची करावी. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्या फडात येतात. त्यांची लेकरे कोपीजवळ, गाडीतळावर दिवसभर धुळीत खेळतात. संघाने एक हंगाम आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या लेकरांना घेऊन मैदान आखावे, खेळ शिकवावा, साखर शाळेत त्यांची हजेरी वाढते का ते पाहावे. ज्या पोराला चार कोसांवरच्या कोपीपर्यंत जायचा कंटाळा येतो, त्याने चार हजार कोसांवर सेवेला जातो म्हणू नये.

४) जिथे जायचे तिथल्या लोकांना आधी पत्र लिहून विचारावे की तुम्हाला काय हवे आहे. आपल्या सोयीचे काम त्यांच्या गळ्यात मारू नये. सामन्यांइतकेच दिवस शिकवण्याला द्यावेत, आणि तिथले किमान दोन शिक्षक तयार करूनच परतावे.

५) मुलींच्या संघाला मुलांइतकाच हक्क असावा. ‘पोरींना एवढ्या लांब कसं पाठवायचं’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आपल्या खो-खोच्या मुलींची विश्वचषक घेतलेली छायाचित्रे पुन्हा एकदा पाहावीत.

या पाच अटींच्या मागे आपल्या बेणे मळ्याचाच हिशेब आहे. आपण मूलभूत बेणे आणतो ते थोडेसेच. त्यापासून पायाभूत बेणे करतो, त्यापासून प्रमाणित बेणे, आणि मग ते सभासदांच्या शेतावर जाते. मूलभूत बेणे आणून कोणी एकट्याने आपल्या रानात लावले आणि गाळपाला घातले, तर तो मूर्खपणा ठरेल. परदेशी जाणारा बारा पोरांचा संघ हे मूलभूत बेणे समजा. त्या बाराजणांनी परत आल्यावर प्रत्येकी दोन गावे वाटून घ्यावीत आणि तिथले शाळामास्तर, तालमीतले वस्ताद यांना शिकून आलेले सगळे द्यावे. हे झाले पायाभूत बेणे. त्या चोवीस गावांतली मुले-मुली तयार झाली की प्रमाणित बेणे तयार. मग त्या तिकिटाचा खर्च एकरी पाहिला तर जड वाटणार नाही. आणि बेणे जसे तीन-चार वर्षांनी बदलावे लागते, तसे दर तीन-चार वर्षांनी नव्या पोरांना पाठवावे. तेच ते चार चेहरे दरवेळी नकोत.

मग ते चषक आणोत न आणोत. आणला तर मिरवणूक काढू, बैलगाड्या अजून आहेत. नाही आणला तरी चोवीस गावांत मैदाने आखली गेली आणि कोपीवरचे एखादे पोर शाळेत टिकले, तर सभासदांचा पैसा वाया गेला असे म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

गावात काय कमी काम आहे, हा प्रश्न विचारणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, कमी नाही. म्हणूनच तिसरी अट घातली आहे. ती पाळायला जो संघ तयार होईल त्याच्या अर्जाचा विचार करावा. जो तयार होणार नाही त्याने खुशाल स्वखर्चाने फिरून यावे.

या विषयावर सभासदांनी आपली मते लेखी स्वरूपात आपापल्या गट कार्यालयात किंवा शेती कार्यालयात द्यावीत. विरोधी मत असेल तर ते आवर्जून द्यावे. पुढील गटसभेत त्यावर सर्वांसमक्ष बोलता येईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी